कसर आणि बांडगूळ

देशावरच्या माणसाला आपल्या चीजवस्तूंसाठी भय वाटते ते चोराचे. आम्हां कोकणातल्या माणसांना वाटते ते हवेचे. जूनमध्ये मृगाची पहिली सर कौलांवर कोसळली की पुढले चार महिने घरातल्या प्रत्येक वस्तूशी कोणी ना कोणी वैर मांडून बसते. लोखंडाला गंज, चामड्याला बुरशी, लाकडाला वाळवी आणि पुस्तकाला कसर! यांत कसर मला सर्वांत कपटी वाटते. वाळवी निदान मातीची वाट बांधीत येते. तिची चाहूल भिंतीवर दिसते. कसर मात्र चंदेरी अंगाची, चपळ आणि अबोल. कपाटातले पुस्तक बाहेरून जसेच्या तसे उभे असते. हाती घेऊन उघडावे तर आतल्या पानांची जाळी झालेली. मराठी भाषा चतुर, म्हणून तिने 'कसर' या एकाच शब्दात तो किडाही बसवला आणि उणीवही बसवली.

या किड्यावर आमच्या वाडवडिलांनी उपायही पुष्कळ शोधले. पुस्तकांत वेखंडाचे तुकडे ठेवावेत, कडुलिंबाचा वाळका पाला पसरावा, डांबराच्या गोळ्या कोपऱ्यांत टाकाव्यात, पाऊस ओसरला की सारे ग्रंथभांडार अंगणात ऊन खायला मांडावे. एवढे करूनही कसर आपला वाटा उचलतेच. म्हणून घराघरांत संगणक आला तेव्हा इतरांनी त्याचे कौतुक हिशेबासाठी आणि पत्रव्यवहारासाठी केले असेल. रत्नागिरीत आमच्या आक्काने त्याचे स्वागत केले ते अगदी निराळ्या कारणाने. "कागद नाही, तर कसर नाही!" असा तिचा सरळ हिशेब होता.

आक्का माझी थोरली बहीण. जन्मभर तिने शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्त झाल्यावर शब्द गोळा करण्याच्या छंदाला स्वतःला वाहून घेतले. नाचणे, मिरजोळे, गोळप, पावस, बसणी, काळबादेवी अशा रत्नागिरीच्या आसपासच्या गावांतून जे शब्द बोलले जातात आणि पुस्तकांत सहसा भेटत नाहीत, ते ती टिपून ठेवी. गडगा म्हणजे नुसत्या दगडावर दगड रचून केलेले कुंपण, पाखाडी म्हणजे चढावरची दगडी पायऱ्यांची वाट, पऱ्या म्हणजे लहानसा ओढा, आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वी घरात भरायची बेगमी. एवढे तर आमच्याकडच्या कोणालाही सांगता येईल. आक्काचे समाधान एवढ्यावर होत नसे. गडग्याच्या तळच्या दगडाला काय म्हणतात? गडगा ढासळला तर त्याला क्रियापद कोणते लावतात? आढीत घातलेला आंबा तिसऱ्या दिवशी कोणत्या नावाने ओळखतात? हे विचारीत ती बायकांच्या चुलीपाशी जाऊन बसे, आणि उत्तरासोबत मिळालेला चहा पिऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परत येई.

मी एकदा तिला चिडवले, "आक्का, अगं मोल्सवर्थसाहेबाने १८३१ सालीच कोश छापला, १८५७ साली तो वाढवून पुन्हा छापला. कोकणातल्या शब्दांवर त्याने वेगळी खूणसुद्धा केली आहे. आता तू आणखी काय करणार?"

"साहेबानं खूण केली रे," ती म्हणाली, "पण तो माजघरात येऊन बसला होता का?"

यावर मी काय बोलणार? साहेब माजघरात येऊन बसला नव्हता, हे उघड होते.

सुरुवातीला तिचे हे धन वह्यांत होते. २००० सालच्या पावसाळ्यात त्यांतल्या दोन वह्यांना कसर लागली आणि 'क'पासून 'घ'पर्यंतच्या शब्दांची अक्षरशः चाळण झाली. पुढच्याच वर्षी आक्काने संगणक घेतला. साठी ओलांडलेल्या बाईने कळफलक शिकून घेतला, प्रत्येक अक्षराचे वेगळे फोल्डर केले आणि वह्यांना कायमचा रामराम ठोकला. अकरा वर्षांत साडेचार हजार शब्द त्या यंत्रात गेले. या अकरा वर्षांत शब्द सांगणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या देवाघरी गेल्या. त्या गेल्या तरी त्यांचे बोलणे आक्काच्या टेबलावरच्या त्या पेटीत, हाताच्या पंजाएवढ्या हार्ड डिस्कवर, सुखरूप होते. निदान तसे आम्ही सारे समजत होतो.

२०१२ सालच्या आषाढात एके दिवशी आक्काच्या लक्षात आले की तिच्या प्रत्येक फोल्डरच्या चित्राखाली डाव्या कोपऱ्यात एक इवलासा बाण उमटला आहे. बाणाने काही बिघडत नव्हते. फोल्डर उघडे, शब्द दिसत; उघडायला जरा वेळ लागे एवढेच. वयोमानाने आपल्याला जिना चढायला वेळ लागतो, तसा यंत्रालाही लागत असेल, म्हणून तिने मनावर घेतले नाही. पण आठवड्याभरात यंत्राचे वागणे पालटले. व्हायरस मारणारा प्रोग्रॅम उघडावा तर तो डोळे मिटून घेई. यंत्रात काय काय चालले आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडावा, तर तो तुमच्या प्रशासकाने बंद केला आहे, असा निरोप पडद्यावर येई.

"प्रशासक?" आक्काने मला विचारले. "या घरात मी एकटी राहते. मग हा प्रशासक कोण आणि कधी येऊन राहिला?"

तिने नकळत रोगाचे अचूक निदान केले होते. घरात कोणी तरी येऊन राहिले होते, आणि आता घरच्या मालकिणीलाच किल्ल्या द्यायला तयार नव्हते.

आपल्याकडे माणसाला खोकला झाला की आळीतला प्रत्येक जण वैद्य होतो. संगणकाच्या आजारातही तीच रीत. कोणी म्हणाले, पेनड्राइव्ह कधी लावूच नये. कोणी म्हणाले, यंत्र आठ दिवस बंद ठेवा, व्हायरस उपाशी मरेल! एका परोपकारी शेजाऱ्याने तर स्वतः येऊन इंटरनेटवरून कसले तरी फुकटचे औषध उतरवून घेतले, ते चालवले, आणि त्याने जे जे विचारले त्याला 'हो, हो' म्हणत अर्ध्या तासात आटोपले. शेवटी गावातला एक जाणकार बोलावला. त्याने दहा मिनिटे खटपट केली, बाण पुसले. ते डोळ्यांदेखत पुन्हा उमटले. पुन्हा पुसले, पुन्हा उमटले. मग त्याने खुर्ची मागे सरकवली.

"काकू, हट्टी आहे हा. असा जायचा नाही. फॉरमॅट मारतो, तासाभरात कोरी करकरीत करून देतो."

"आणि माझे शब्द?"

"ते जाणार. बॅकअप असेल ना?"

बॅकअप पेनड्राइव्हवर होता. तो लावून पाहिला, तर त्याच्यावरही तेच बाण.

"बाळा," आक्का शांतपणे म्हणाली, "घरात साप निघाला म्हणून तू घर पेटवायला सांगतोयस."

त्या जाणकाराला मी दोष देत नाही. त्याचा दिवस पोटापाण्याचा. एकेका यंत्रापाशी तो किती वेळ बसणार? पण 'फॉरमॅट मारणे' हा शब्दप्रयोग मला तेव्हापासून खटकू लागला. व्हायरस काढणे आणि डिस्क कोरी करणे या दोन गोष्टींत जेवढे अंतर आहे, तेवढे केसातली ऊ काढणे आणि डोके भादरणे यांत आहे. ऊ दोन्हीं मार्गांनी जाते, हे खरे. पण केस कोणाचे होते?

त्या रात्री मी शत्रूची कुंडली मांडायला बसलो. मौज अशी की या किड्याचे नावसुद्धा वैद्यकाकडून उसने आणलेले आहे. १९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नकला करीत पसरणारा प्रोग्रॅम दाखवला, आणि त्याचे अध्यापक लेनर्ड एडलमन यांनी त्याला 'व्हायरस' हे नाव सुचवले. पुढे १९८६ साली आपल्या शेजारच्या लाहोरात बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होऊ नयेत, हा त्यांचा हेतू. तो काळ इतका भोळा की त्यांनी व्हायरसाच्या पोटात आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता! चोराने घरफोडी करून जाताना ओळखपत्र ठेवावे, तसे हे झाले. पंचवीस वर्षांनी, २०११ साली, फिनलंडचे व्हायरसतज्ज्ञ मिको हिप्पोनेन हा पत्ता शोधीत लाहोरला गेले, तर ते दोघे भाऊ त्याच पत्त्यावर भेटले.

दुसरी कथा आपल्या पुण्याची आणि आमच्या विषयाला अधिक जवळची. १९९१ साली 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस सापडला. दरवर्षी ६ मार्चला तो जागा होई आणि डिस्कच्या आरंभीच्या भागावर बोळा फिरवी. त्या चित्रकाराचा जन्म ६ मार्च १४७५ चा, म्हणून शोधणाऱ्यांनी हे नाव दिले. व्हायरसाच्या आत चित्रकलेचा मागमूस नव्हता. १९९२ साली जगभर मोठा गवगवा झाला, लाखो यंत्रे बुडणार म्हणून वर्तमानपत्रे भरली. प्रत्यक्षात बुडाली ती काही हजार. पण या व्हायरसाचा चिवटपणा पाहण्यासारखा होता. तो राहत असे डिस्कच्या अगदी पहिल्या खणात. यंत्र सुरू होताना सर्वांआधी तोच खण वाचला जातो. नेहमीच्या फॉरमॅटने बाकीचे दालन झाडले जाई. हा पहिला खण मात्र तसाच राही. लोक सारी माहिती गमावून डिस्क कोरी करीत आणि यंत्र सुरू करताच गृहस्थ पुन्हा उंबऱ्यावर हजर!

त्याच सुमारास पुण्यात कैलाश काटकर हे कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत असत. मूळचे सातारा जिल्ह्यातले, शिक्षण दहावीपर्यंत. दुरुस्त करून दिलेली यंत्रे पुन्हा पुन्हा परत येत, आणि कारण बहुधा व्हायरस. तेव्हा त्यांनी संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या धाकट्या भावाला, संजय यांना, यावर काही औषध लिहायला सांगितले. मायकेलअँजेलोवरचा उतारा हा त्यांच्या पहिल्या औषधांपैकी एक. १९९३ साली सुरू झालेल्या त्या लहानशा दुकानातून पुढे 'क्विक हील' उभी राहिली. २०१६ साली ती शेअरबाजारात गेली. मला या कथेत मोठेपण दिसते ते पैशाचे नाही. परत आलेल्या यंत्राकडे पाहून 'हे परत का आले?' असा प्रश्न एका दुरुस्ती करणाऱ्या माणसाला पडला, त्याचे आहे.

आमच्याही घरी हाच प्रश्न होता. बाण पुसले तर परत का येतात? त्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, कलमांखाली मिळाले.

आमची आंब्याची चारदोन कलमे आहेत. ज्याने कधी कलमे राखली आहेत त्याला बांडगूळ सांगायला नको. आंब्याच्या फांदीवर एकाएकी वेगळ्याच पानांचा झुबका दिसू लागतो, हिरवागार, टवटवीत. त्याला जमिनीत मूळ नाही. ते आपली मुळी थेट फांदीच्या लाकडात घुसवते आणि झाडाने मिळवलेले पाणी पिते. नवखा माणूस काय करतो? शिडी लावून तो झुबका ओरबाडून काढतो. पुढल्या पावसाळ्यात तो तिथेच फुटतो. आमच्याकडे काम करणारा म्हातारा गडी मात्र झुबक्याला हातच लावीत नसे. ज्या जागी बांडगूळ फांदीला चिकटले त्याच्या खाली चार बोटे जागा सोडून तो फांदी कापी. "पानाशी भांडून काय होणार? मूळ लाकडात हाय," तो म्हणे. आणि फांदी कापली तरी तो झाड कधी तोडीत नसे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

मी हे आक्काच्या शेजारच्या मुलाला सांगितले. हा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "काका, बाण म्हणजे पानं. मूळ दुसरीकडे आहे. आपण आधी झाडाला झोपवू."

त्याची ती रात्र मी विसरणार नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली आणि इन्व्हर्टरवर काम चालले. त्याने काय केले ते समजावून सांगतो, कारण त्यात जादू काहीच नव्हती. आक्काचे यंत्र विंडोजवर चालणारे आणि व्हायरसही विंडोजमध्येच जगणारा. तेव्हा त्याने विंडोज जागे होऊच दिले नाही. लिनक्सची एक सीडी घालून तिच्यावरून यंत्र सुरू केले. आता हार्ड डिस्क नुसतीच फडताळासारखी उघडी पडली. तिच्यातला व्हायरस म्हणजे फडताळात पडलेला कागद. त्याला हलता येईना की बोलता येईना.

आणि पडद्यावर काय दिसले! प्रत्येक बाणवाल्या चित्राशेजारी त्याच नावाचे खरे फोल्डर जसेच्या तसे उभे होते. 'अ' होता, 'आ' होता, गडगा होता, पाखाडी होती. व्हायरसाने एकही शब्द खाल्ला नव्हता. त्याने खऱ्या फोल्डरांवर 'लपलेले' आणि 'यंत्राचे खाजगी' अशा दोन खुणा मारून त्यांना पडद्याआड लोटले होते, आणि प्रत्येकाच्या दाराशी एक तोतया उभा केला होता. या तोतयावर टिचकी मारली की तो आधी व्हायरसाला जागे करी आणि मग अदबीने खरे फोल्डर उघडून देई. म्हणून तर आक्काला इतके दिवस काही कळले नाही. आधी आपण जेवून घेऊन मग यजमानाला वाढणारा हा आचारी!

ही युक्ती का निघाली, तेही त्या मुलाने सांगितले. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चाले आणि व्हायरस त्या वाटेने शिरत. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही ती वाट बंद करण्याची सोय केली. दार आपोआप उघडेना, तेव्हा माणसाच्याच हातून ते उघडून घेणारे हे बाणवाले व्हायरस फैलावले.

आक्का माळ ओढीत मागे बसली होती. 'अ' उघडलेला पाहून तिची माळ थांबली. ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि आम्हां दोघांसाठी आल्याचा चहा घेऊन आली.

मुलाने आधी सारे शब्द एका नव्या कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. फक्त शब्द, प्रोग्रॅम एकही नाही. "आंबे घ्यायचे, फांदी नाही," तो मला हसून म्हणाला. मग व्हायरसाचे मूळ शोधले. ते तीन ठिकाणी होते. यंत्र सुरू होताना जे प्रोग्रॅम आपोआप चालतात त्यांच्या यादीत एक नोंद. स्टार्टअप नावाच्या खणात एक लहानशी स्क्रिप्ट. आणि तिचीच एक नक्कल तात्पुरत्या फायलींच्या अडगळीत. यांतले एक काढले तर दुसरे त्याला पुन्हा उभे करी. म्हणून तर जाणकाराने पुसलेले बाण डोळ्यांदेखत परत येत होते: तो पानाशी भांडत होता. तिन्ही मुळे झोपेतच कापली. मग विंडोज सुरू करून 'अ‍ॅट्रिब' नावाच्या, डॉसच्या काळापासून चालत आलेल्या एका ओळीच्या आज्ञेने फोल्डरांवरच्या त्या दोन खुणा पुसल्या. तोतये वेचून वेचून हाकलले. घरातला प्रत्येक पेनड्राइव्ह असाच झाडून घेतला. पहाटे तीनला काम संपले.

चौथ्या दिवशी बाण परत आले.

या वेळी मात्र आम्ही घाबरलो नाही. बांडगूळ एका झाडावरून दुसऱ्यावर जाते कसे? चालत तर जात नाही. त्याचे फळ गोड असते. फुलटोच्यासारखे इवले पक्षी ते आवडीने खातात, बी चिकट असते ते पुढच्या फांदीला लागते, आणि तिथे नवे बांडगूळ रुजते. तेव्हा आता पक्षी शोधायचा. तो सापडला देव्हाऱ्याच्या फळीवर. पुतण्याच्या लग्नाचे फोटो असलेले कॅमेऱ्यातले कार्ड, जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते! नखाएवढे ते कार्ड कुठे कुठे फिरून आले होते कोण जाणे. फोटोसारखे गोड फळ कोण नाकारील? कार्ड स्वच्छ केले, पुन्हा एकदा तीच मुळे छाटली, आणि त्यानंतर त्या व्हायरसाने आक्काच्या घरी पाऊल टाकले नाही.

इथे ही हकीकत गोड व्हायला हवी होती. पण सगळे फोल्डर मोजताना आक्काच्या लक्षात आले की 'स' आणि 'ह' रिकामे आहेत. शोध घेता कळले की हे काम व्हायरसाचे नव्हते. परोपकारी शेजाऱ्याने चालवलेल्या त्या फुकटच्या औषधाचे होते. या दोन अक्षरांच्या फायलींत टंकलेखनाच्या सोयीसाठी कोणी लिहून दिलेली मॅक्रो होती. त्या औषधाला तीच विषारी वाटली. त्याने 'काढून टाकू का?' असे विचारले, आणि शेजाऱ्यांनी 'हो' म्हटले.

पुसलेली फाइल डिस्कवरून तत्काळ नाहीशी होत नाही. तिच्या दारावरची पाटी तेवढी काढली जाते; आतले सामान नवा भाडेकरू येईपर्यंत तसेच पडून राहते. मुलाने खटपट करून 'स' परत मिळवला. 'ह'च्या जागेवर मात्र दुसरे काहीतरी लिहिले गेले होते. 'ह'मध्ये एकशे त्र्याऐंशी शब्द होते.

आक्का रडली नाही. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन ती पुन्हा एस.टी.त बसली. दिवाळीपर्यंत तिने दीडशेच्या वर शब्द पुन्हा जमवले. काही आठवणीने, काही विचारून. उरलेले आले नाहीत, कारण ते सांगणाऱ्या आता नव्हत्या. त्यांतल्या एका शब्दाची रुखरुख तिला फार लागली. पाऊस सरत आला की समुद्राचा आवाज पालटतो. तो पालटलेला आवाज ऐकून होड्या पाण्यात लोटायचे दिवस जवळ आले हे जाणती माणसे ओळखतात. त्या आवाजाला मिऱ्याकडच्या एका म्हातारीने एक शब्द सांगितला होता. 'ह'ने सुरू होणारा. अर्थ आक्काला लख्ख आठवतो. शब्द आठवत नाही. तिच्या कोशात आजही त्या अर्थापुढची जागा रिकामी आहे.

व्हायरसाने आमच्याकडून काही नेले नव्हते. जे गेले ते घाईने नेले. म्हणून कोणाच्या यंत्राला असा हट्टी पाहुणा लागला म्हणजे मी एवढेच सांगतो: आधी हात थांबवा. यंत्रात नवे काही लिहू नका, 'हो' म्हणण्यापूर्वी प्रश्न वाचा, आपले जे आहे ते सुखरूप वेगळे काढा, आणि मगच विळा हाती घ्या.

अर्थात पाहुण्यांचे स्वभावही आता पालटले आहेत. आमचा व्हायरस नुसता लपवाछपवी करणारा होता. त्याच्या पुढच्या पिढीने दरोडेखोरी पत्करली. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने जगभरच्या यंत्रांतल्या फायली कुलपात घालून खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या रुग्णालयांची कामे अडली. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस तशाच दुसऱ्या एका हल्ल्यात आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. अशा कुलपांपुढे 'अ‍ॅट्रिब'ची किल्ली चालत नाही आणि विळाही चालत नाही. तिथे उपाय एकच, तोही आधी करून ठेवायचा: जे मोलाचे आहे त्याची एक प्रत यंत्रापासून सोडवून, दुसऱ्या जागी ठेवणे.

आक्काने तेही केले आहे. तिच्या शब्दांची एक प्रत नव्या डिस्कवर कपाटात असते, दुसरी पुण्याला भाचीकडे. आणि तिसरी? तिसरी तिने कागदावर छापून घेतली आहे. जाड पुठ्ठ्यात बांधलेले ते सात खंड फडताळात उभे आहेत, आणि त्यांत वेखंडाचे तुकडे घातलेले आहेत. मी म्हटले, "आक्का, पुन्हा कसरीच्या तावडीत?" तर म्हणाली, "असू दे. कसर वीज गेल्यावर तरी दिसते!"

एवढे होऊनही तिने पेनड्राइव्ह घेणे-देणे थांबवलेले नाही. पक्षी येतात म्हणून कोणी कलमांवर जाळे पसरून बसत नाही, असे ती म्हणते. शब्द मिळतात तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांकडूनच. कोणी मुलगा आपल्या आजीचे बोलणे भरून घेऊन येतो, कोणी मुंबईहून जुनी पत्रे घेऊन येतो. त्यांच्यासाठी आक्काने एक जुना, इंटरनेट नसलेला, लिनक्सवरचा संगणक ओटीवर मांडला आहे. आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तिथे लागतो, तपासला जातो, आणि मगच माजघरातल्या यंत्रापर्यंत पोचतो. या विधीला तिने नावही दिले आहे. मागच्या महिन्यात एक पाहुणा घाईघाईने थेट आत शिरू लागला, तेव्हा तिने त्याला ओटीवरच थांबवले.

"बसा हो, बसा," ती म्हणाली, "आधी त्याला पाय धुऊ दे."